नागपुरात राहून स्कूबा: पूलमध्ये किती होतं, समुद्रासाठी काय ठेवायचं?

निळाई

राहणं नागपूरला. पोहता येतं, सलग 400 मीटर आरामात. मालवणला ते माणूस मागून धरून फिरवतो ते वीस मिनिटांचं स्कूबा झालेलं आहे, पण तो कोर्स नव्हे हे माहीत आहे. आता नीट ओपन वॉटर (स्वतंत्र डायव्हर होण्याचा पहिला कोर्स) करायचंय आणि नंतरही चालू ठेवायचंय. अडचण उघड आहे: झीरो माइलच्या दगडाजवळ उभं राहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच.

प्रश्न असे:

1. कोर्सचा किती भाग इथे करून जाता येतो?
2. वर्षाला एखाददुसरीच फेरी होणार. मधल्या काळात हात कसा राखायचा?
3. काय विकत घ्यावं? स्वतःचं सिलिंडर घेऊन इथेच भरून घेता येईल का?
4. खिंडसीसारखा तलाव किंवा ओळखीच्या शेतातली खोल विहीर सरावाला चालेल का?
5. सलग चार-पाच दिवसांचीच सुट्टी मिळते. त्यात काय बसतं?

---

खोलपाणी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा ओपन वॉटर कोर्स तीन तुकड्यांत मोडतो: थिअरी, बंदिस्त पाण्यातल्या 5 डाइव्ह आणि खुल्या पाण्यातल्या 4 डाइव्ह. थिअरी ऑनलाइन होते, नागपुरात बसून होते आणि तिथेच व्हावी. समुद्रकिनारी जाऊन हॉटेलच्या खोलीत व्हिडिओ बघत बसणं म्हणजे सुट्टीचा एक अख्खा दिवस फुकट घालवणं. चार समुद्री डाइव्हना किमान दोन दिवस लागतात. पहिल्या दोन 12 मीटरच्या आत, पुढच्या दोन जास्तीत जास्त 18 मीटरपर्यंत.

मधला तुकडा, म्हणजे पूल, हाच तुमचा कळीचा प्रश्न. अधिकृत प्रशिक्षकाकडे पूलचा भाग पूर्ण केला की तो रेफरलचा कागद देतो. तो दाखवून समुद्रावर दुसऱ्या प्रशिक्षकाकडे फक्त चार डाइव्ह करायच्या. पॅडीत हा कागद शेवटच्या पूल सत्रापासून 12 महिने चालतो. पण यात तीन गोष्टी फसतात.

एक, पूलची खोली. पहिलं सत्र उभं राहता येईल अशा पाण्यात होतं, त्यापुढे पाय टेकणार नाहीत इतकं पाणी लागतं. हौसिंग सोसायटीचा चार फुटी पूल यात बसत नाही. प्रशिक्षक 'चालवून घेऊ' म्हणाला तर तो प्रशिक्षक बदला.

दोन, कागद कुणाचा. पॅडीचा प्रशिक्षक पॅडीचं रेफरल सरळ स्वीकारतो. एसएसआय या दुसऱ्या संस्थेचं पॅडीत किंवा उलट करायचं तर समोरचा पुन्हा पूलमध्ये उतरवून सगळं तपासणार, आणि ते योग्यच आहे. म्हणून आधी समुद्रावरचं केंद्र ठरवा, त्यांना फोन करून कुठल्या संस्थेचं रेफरल घेता ते विचारा, आणि मग इथला प्रशिक्षक शोधा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

तीन, वैद्यकीय प्रश्नावली. दमा, कानाची किंवा सायनसची शस्त्रक्रिया, फिट्स, हृदयविकार, रक्तदाबाची गोळी, असं काही असलं की डॉक्टरांची सही लागते. समुद्रावर पोहोचल्यावर सकाळी सात वाजता हा कागद हातात पडतो आणि मग गावात सही करणारा डॉक्टर सापडत नाही. प्रश्नावली आधी मागवा, नागपुरातच डॉक्टरांना दाखवा. 'सगळीकडे नाही लिहून टाक' हा सल्ला मित्राने दिला तरी पाळू नका. दम्याच्या झटक्यात फुप्फुसात हवा अडकते आणि वर येताना ती फुगते. तिथे कागदावरचं 'नाही' उपयोगाला येत नाही.

पोहण्याची अट 200 मीटर सलग, वेळेचं बंधन नाही, शिवाय दहा मिनिटं तरंगणं. तुमच्या 400 मीटरला काळजी नाही.

इथे योग्य पूल किंवा प्रशिक्षक जमलाच नाही, तर तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत प्रशिक्षणासाठी 8 मीटर खोल तलाव बांधलेला आहे. पूल आणि समुद्र एकाच गावात होतात. मग मात्र दोन दिवसांचं काम चार दिवसांवर जातं.

---

तरंगता_दगड

दुसऱ्या प्रश्नावर. लोक 'हात राखणं' म्हणजे मास्कमधलं पाणी काढणं समजतात. ते सायकलसारखं आहे, आठवतं. सहा महिन्यांत जाते ती बॉयन्सी, म्हणजे न बुडता न तरंगता स्थिर राहणं. आणि ती पूलमध्येच उत्तम घोटता येते, समुद्रापेक्षाही.

कारण साधं आहे. दाबाचा सगळ्यात मोठा खेळ वरच्या थरात चालतो. पृष्ठभागावर 1 बार, 10 मीटरवर 2 बार, म्हणजे हवेचं आकारमान निम्मं. पण 20 वरून 30 मीटरवर जाताना 3 चे 4 बार, आकारमान चौथ्या हिश्शानेच कमी. म्हणून दोन मीटर पाण्यात स्थिर राहणं 15 मीटरवर राहण्यापेक्षा कठीण असतं: अर्धा मीटर वर गेलात तरी बीसीडीतली (हवा भरता-सोडता येणाऱ्या जाकिटातली) हवा लगेच फुगायला लागते. उथळ पाण्यात जो पाच मिनिटं हालत नाही, त्याला समुद्रात वेगळं शिकवावं लागत नाही.

सराव असा करा. पूलच्या तळाच्या फरशीची एक रेघ धरा. तिच्यापासून 30 सेंटिमीटर वर, आडवे, गुडघे वाकवून. बीसीडीचं बटण एकदा लावलं की हात बाजूला. वर-खाली फक्त श्वासाने: श्वास घेतल्यावर लगेच वर जात नाही, दोन-तीन सेकंदांनी जातो. हा उशीर अंगात मुरवणं हेच सगळं शिक्षण. नवखा माणूस श्वास घेतो, काही होत नाही म्हणून बटण दाबतो, मग दोन्हींचा परिणाम एकदम येतो आणि डोकं पाण्याबाहेर. पहिल्या सत्रात हेच होणार, वैतागू नका.

ते जमलं की त्याच अवस्थेत मास्क काढून पुन्हा घाला. गुडघ्यावर बसून मास्क काढणं परीक्षेपुरतं. समुद्रात बसायला तळ नसतो आणि असला तर तिथे प्रवाळ असतं. पुढे फ्रॉग किक (बेडकासारखी लाथ), मग उलटं मागे सरकणं. मागे सरकायला वेळ लागतो, दोन-चार सत्रं हातीपायी काहीच लागणार नाही.

पाण्याचं एक बंधन विसरू नका: कॉम्प्रेस्ड हवा घेऊन श्वास रोखायचा नाही, पूलमध्येसुद्धा नाही. फुप्फुस भरलेलं ठेवून सव्वा मीटर वर आलं तरी इजा होऊ शकते. 'पूलच आहे की' म्हणून लोक इथेच गाफील राहतात.

आता शिशाच्या वजनांचं गणित, कारण गोड्या पाण्यातून खाऱ्यात जाणारे हमखास इथे चुकतात. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड. तुम्ही 70 किलो, अंगावरचं साहित्य 20 किलो, एकूण 90. त्याचे अडीच टक्के म्हणजे सव्वादोन किलो. पूलमध्ये बरोबर बसलेल्या वजनात समुद्रात एवढं वाढवायचं. शिवाय पूलमध्ये पोहण्याचे कपडे आणि समुद्रात 3 मिलिमीटरचा वेटसूट असेल तर सूटचंही वेगळं, साधारण दीड-दोन किलो.

तपासणी नेहमीची: पाण्यात उभे, बीसीडी पूर्ण रिकामा, नेहमीचा श्वास भरून धरला तर पाणी डोळ्यांच्या रेषेत यावं, सोडला की बुडावं. (हो, इथे श्वास क्षणभर धरायचा, कारण तुम्ही पृष्ठभागावर आहात.) पण हे सिलिंडर भरलेलं असताना केलं तर फसगत होते. 11.1 लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये 200 बार म्हणजे सुमारे 2200 लिटर हवा, तिचं वजन पावणेतीन किलोच्या आसपास. 50 बारपर्यंत याल तोवर त्यातले दोन किलो तुम्ही श्वासातून बाहेर सोडलेले असतात. सुरुवातीला अगदी नेमकं बसलेलं वजन शेवटी, वर येण्याआधी पाच मीटरवर घ्यायच्या तीन मिनिटांच्या थांब्यात कमी पडतं आणि तुम्ही बुचासारखे वर. भरलेल्या सिलिंडरवर तपासलं तर दोन किलो वर धरा.

वहीत प्रत्येक वेळी लिहा: पाणी गोडं की खारं, सूट कोणता, सिलिंडर कोणतं, वजन किती, शेवटी कसं वाटलं. वर्षातून दोनदा जाणाऱ्याला ही ओळ सोन्याची. नाहीतर दर फेरीतली पहिली डाइव्ह वजन शोधण्यात जाते.

---

निळाई

मनापासून आभार दोघांचेही. पूल मिळेल तो साडेपाच फुटांचा. त्यात सिलिंडरसकट सराव परवानगीने आठवड्यातून एकदा, फार तर. बाकीचे दिवस नुसते मास्क-फिन्स घालून काही उपयोगाचं करता येतं का?

---

तरंगता_दगड

येतं. फिन्स घालून 50 मीटरच्या फेऱ्या, हळू आणि लांब लाथ. वेग नको. स्नॉर्कलमध्ये पाणी भरून फुंकणं. मास्क तळाशी टाकून खाली जाऊन घालणं.

फक्त एक करू नका: एकट्याने श्वास रोखून पूलची लांबी कापणं, आणि त्याआधी भराभर खोल श्वास घेणं. तसं केल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा घटतो. श्वास घ्यायची ऊर्मी त्या कार्बन डायऑक्साइडमुळे येते. ऊर्मी येण्याआधीच शुद्ध हरपते, तीही आवाज न होता. जीवरक्षकाला वाटतं माणूस तळ बघतोय.

घरी बसून करायचं गणितही आहे. समजा सरासरी 12 मीटरवर 35 मिनिटांत 100 बार वापरले. 11.1 गुणिले 100 म्हणजे 1110 लिटर. भागिले 35, भागिले त्या खोलीवरचा दाब 2.2, उत्तर साडेचौदा लिटर प्रति मिनिट. हा तुमचा हवा वापरण्याचा, पृष्ठभागाच्या हिशेबातला आकडा. दोन फेऱ्यांमध्ये तो 18 वर गेला असेल तर समजा, वजन जास्त आहे किंवा हात हलवताय. बहुतेक वेळा दोन्ही.

---

ओ_रिंग

साहित्यावर. क्रम असा ठेवा: मास्क, मग बूट आणि फिन्स, मग डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ नोंदवणारं मनगटी यंत्र). तिथे थांबा. रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) आणि बीसीडी वर्षाला पंधरा-वीस डाइव्ह होईपर्यंत भाड्याने घ्या. विकत घेऊन दहा महिने कपाटात ठेवलेला रेग्युलेटर भाड्याच्या रोज वापरातल्या रेग्युलेटरपेक्षा जास्त भरवशाचा असतो हा गैरसमज आहे. आतले रबरी रिंग पडून राहूनही कडक होतात. कंपनी सांगते ती वर्षा-दोन वर्षांची सर्व्हिस वापर असो-नसो लागते, आणि नागपूरहून ती कुरियरने किनाऱ्यावरच्या शहरात पाठवावी लागते. घ्यायचाच झाला तर डिन (आट्यांनी फिरवून बसणाऱ्या) जोडणीचा घ्या, सोबत योकचा (बाहेरून कडीने आवळणाऱ्या जोडणीचा) अडॅप्टर. आपल्याकडे भाड्याची सिलिंडरं बहुतेक योकवाली भेटतात.

मास्क: पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास ओढा, हात सोडा. टिकला पाहिजे. मिशी असेल तर नाकाखालची वरची कड दोन-तीन मिलिमीटर साफ करा, गळती तिथूनच असते. व्हॅसलीन नको, सिलिकॉन ग्रीस. नव्या काचेवर कारखान्यातला थर असतो. तो पांढऱ्या टूथपेस्टने, जेलने नव्हे, आतून तीन-चार वेळा घासून काढावा लागतो. नाही काढला तर कितीही थुंकी लावा, धुकं येणारच. चष्मा असेल तर मायनस नंबरच्या तयार काचा अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने मिळतात. पाण्यात वस्तू एक तृतीयांश मोठी दिसते, त्यामुळे नंबर मधला पडला तर कमी बाजूचा घ्या.

कॉम्प्युटर घेताना एकच गोष्ट बघा: बॅटरी स्वतः बदलता येते का. फेरीच्या आदल्या दिवशी बॅटरी संपलेली सापडते, आणि घड्याळाच्या दुकानात बदलून घेतलेल्या सीलवर 18 मीटरचा दाब सोपवायची हिंमत करू नका.

नागपूरचा खास शत्रू मे महिना. गच्चीवरच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत सामान ठेवू नका. निओप्रीन आणि चिकट सांधे उकलतात, सिलिकॉन पिवळं पडतं. पलंगाखाली, झाकणाच्या डब्यात, घडी न घालता. सूट जाड हँगरवर. पूलनंतर क्लोरीन धुणं समुद्रानंतर मीठ धुण्याइतकंच गरजेचं. बीसीडीच्या आतही गोडं पाणी घालून हलवून काढा. रेग्युलेटर धुताना पहिल्या टप्प्याची (सिलिंडरला जोडतो त्या भागाची) टोपी घट्ट लावा आणि तोंडाकडच्या भागावरचं पर्ज बटण दाबू नका, दाबलं की पाणी होजमधून वर चढतं.

स्वतःचं सिलिंडर: घेऊ नका. गंमत म्हणजे देशभरातल्या गॅस सिलिंडरांचे नियम बघणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपुरातच आहे, त्यामुळे 'इथे कोण विचारतंय' असं म्हणायचीही सोय नाही. मान्यताप्राप्त सिलिंडर, त्याच्या खांद्यावर कोरलेली चाचणीची तारीख, दर काही वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी, हे सगळं सांभाळूनही मूळ प्रश्न राहतो तो हवेचा. टायर किंवा रंगकामाचा कॉम्प्रेसर दहा बारच्या आसपास थांबतो, सिलिंडरला 200 लागतात. जास्त दाबाचा औद्योगिक कॉम्प्रेसर मिळाला तरी त्यातली हवा श्वासाची नसते. युरोपीय मानकात श्वासाच्या हवेत कार्बन मोनॉक्साइड 5 पीपीएमच्या आत आणि तेल घनमीटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत लागतं. जमिनीवर डोकं दुखवणारा कार्बन मोनॉक्साइड 20 मीटरवर तिप्पट अंशदाबाने आत जातो. वास येत नाही, चव येत नाही. आणि वैद्यकीय ऑक्सिजन भरून आणू का हे विचारणारेही असतात: शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली आकडी आणू शकतो. विषय संपला.

भरलेलं सिलिंडर उन्हातल्या गाडीत राहिलं तर काय होतं तेही ऐका. 27 अंशांना 200 बार असेल तर 60 अंशांना 222. फुटत नाही, पण सुरक्षा चकती जुनी असेल तर ती सुटते, आणि बंद गाडीत तो आवाज स्फोटापेक्षा वेगळा वाटत नाही.

---

वर्धाकाठ

विहिरीचं एवढं काय मनावर घेता? विदर्भातली पोरं विहिरीतच पोहायला शिकली. साठ फूट खोल, पाणी स्वच्छ, प्रवाह नाही. आणि खिंडसीला बोटिंग चालतंच की.

---

ओ_रिंग

भाऊ, पोहणं वेगळं. पोहणारा पृष्ठभागावर असतो आणि त्याच्या पाठीवर पंधरा किलोचं सिलिंडर नसतं.

विहिरीत पहिली अडचण बाहेर पडण्याची. उन्हाळ्यात पाणी काठापासून आठ-दहा मीटर खाली गेलेलं. दमलेल्या किंवा बेशुद्ध माणसाला साहित्यासकट वर कसं काढणार, याचं उत्तर दोरी आणि चार माणसं हे नव्हे. दुसरी, वायू. वापर नसलेल्या विहिरीत पाण्याच्या वर कार्बन डायऑक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड साचतो. गाळ काढायला उतरलेली माणसं एकामागोमाग एक जातात ती यानेच. सिलिंडरची हवा पाण्याखाली वाचवेल, पण वर येऊन तोंडातून रेग्युलेटर काढलात की पहिला श्वास त्याच हवेचा. तिसरी, पाणबुडी पंपाची वायर. इन्सुलेशन गेलेली असली तर बाहेरून कळत नाही. चौथी, गाळ: एक लाथ आणि दिसणं शून्य, पुढे भिंत हाताने चाचपत वर.

खिंडसीत आणि एकूणच धरणांत मासेमारीची नायलॉनची जाळी, बुडालेली झाडं, जुनी कुंपणं. जाळी पाण्यात दिसत नाही, सिलिंडरच्या व्हॉल्व्हला मागून अडकते, जिथे स्वतःचा हात पोहोचत नाही. परवानगी जलसंपदा खात्याची लागते, बोटिंगच्या ठेक्यात ती येत नाही. अशा पाण्यात उतरणारे बचाव पथकाचे लोक दोरीला बांधलेले असतात आणि काठावर दुसरा पाणबुडा तयार बसलेला असतो. सरावासाठी ती व्यवस्था कोण करणार?

---

वर्धाकाठ

वायूचं माहीत होतं, वायरचं डोक्यात नव्हतं. पटलं.

---

खोलपाणी

जाता जाता एक तांत्रिक गंमत: पॅडीच्या हिशेबात समुद्रसपाटीपासून 300 मीटरहून उंचावरचं डायव्हिंग 'उंचीवरचं' धरतात. नागपूर 310 च्या आसपास. म्हणजे इथला तलाव कागदोपत्री पर्वतातला.

कानांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. चार डाइव्हपैकी एक वाया जाते ती बहुतेक कानांमुळे, आणि याचा सराव कोरड्या जमिनीवर रोज होतो.

नाक दाबून फुंकणं सगळ्यांना येतं, पण त्यात छातीचा जोर लागतो आणि घाबरलेला माणूस जास्तच जोर लावतो. त्यापेक्षा फ्रेंझेल, म्हणजे जिभेने कान मोकळे करण्याची पद्धत शिका. नाक चिमटीत धरा. 'क' म्हणण्याच्या तयारीत जीभेचा मागचा भाग टाळूला लावून तिथेच अडवा, म्हणजे घसा बंद. आता जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी वर-मागे ढकला. नाकपुड्या चिमटीखाली किंचित फुगतात, कानात 'टिक' होतं. आरशात पाहा: पोट आणि छाती हलता कामा नये, गाल फुगता कामा नयेत. दिवसातून दहा-पंधरा वेळा, ट्रॅफिक सिग्नलवरसुद्धा होतं. दोन-तीन आठवड्यांत सहज येतं.

पाण्यात पहिला टिक डोकं बुडण्याआधी, मग पहिले पाच मीटर प्रत्येक अर्ध्या मीटरला. दुखायला लागल्यावर नव्हे. दुखतं म्हणजे कानाकडे जाणारी नळी आधीच मिटलेली असते. मग जोर लावायचा नाही, मीटरभर वर यायचं आणि पुन्हा. सर्दीत डाइव्ह नाही. सर्दीची गोळी घेऊन उतरलात तर तिचा असर तळाशी संपतो आणि वर येताना हवा आत कोंडते. ते खाली जाताना दुखण्यापेक्षा वाईट, कारण वर तर यावंच लागतं.

---

घाटउतार

पाचवा प्रश्न राहिला. प्रवास.

आधी हंगाम. पश्चिम किनारा, म्हणजे मालवण-तारकर्ली, गोव्याचं ग्रँड आयलंड, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, हे साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बंद. पुद्दुचेरी उलट्या पावसाची, नोव्हेंबर-डिसेंबरात समुद्र खवळलेला. अंदमान नोव्हेंबर ते एप्रिल उत्तम. म्हणून पूलचा भाग ऑगस्ट-सप्टेंबरात उरका, समुद्र डिसेंबर ते फेब्रुवारीत (पुद्दुचेरी असेल तर डिसेंबर टाळून).

आता नागपूरकरांना जो हिशेब सगळ्यात जास्त नडतो तो: डाइव्हनंतर उंचीवर जाण्याचा. डॅन या डायव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेची शिफारस अशी: एकच साधी डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान 12 तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर किमान 18. बहुतेक लोक सरळ 24 धरतात. आणि हे फक्त विमानाला नाही, 600 मीटरवरच्या कुठल्याही उंचीला लागू होतं. मालवणहून दुपारी डाइव्ह संपवून लगेच आंबोलीच्या घाटाने वर निघालात तर तासा-दीडतासात सुमारे 690 मीटरवर. विमानाचं सगळ्यांना माहीत असतं, घाटाचं कुणी सांगत नाही. शेवटची डाइव्ह सकाळी करा, रात्र खालीच काढा.

या हिशेबात पुद्दुचेरी नागपूरला फार सोयीची. तमिळनाडू एक्सप्रेस किंवा जीटी (ग्रँड ट्रंक) एक्सप्रेस पकडा, चेन्नई, तिथून किनाऱ्याच्या रस्त्याने दीडशे किलोमीटर. परतीची गाडी विजयवाडा, वरंगल, बल्लारशामार्गे येते आणि नागपूरपर्यंत कुठेही 600 मीटरच्या जवळ जात नाही. रेल्वेने आलात तर 18 तासांची अट लागतच नाही. रेफरल हातात असेल तर जायला एक दिवस, दोन दिवस डाइव्ह, यायला एक दिवस, तुमचे चार दिवस बसले.

अंदमान पाच दिवसांत कसंबसं. चेन्नई किंवा कोलकात्यामार्गे पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम), तिथून स्वराज द्वीपची (हॅवलॉकची) फेरीबोट, दोन दिवस डाइव्ह, परत बोट, परत विमान. बोट रद्द होणं धरून एक दिवस मोकळा लागतो, म्हणजे खरे सहा. पाणी मात्र मालवणच्या कितीतरी पट स्वच्छ. मालवणला चांगल्या दिवशी सात-आठ मीटर दिसतं, वाईट दिवशी हात लांब केला तर बोटं पुसट. पण उथळ आणि गढूळ पाण्यात शिकलेला माणूस स्वच्छ पाण्यात बिघडत नाही, उलट झालेलं मात्र दिसतं.

---

निळाई

शेवटचं: परत नागपूरला आल्यावर काही त्रास झाला तर? इथे डाइव्हिंगचा डॉक्टर कुठून मिळणार?

---

घाटउतार

डीकम्प्रेशनच्या आजाराची (वर येताना दाब घटून अंगात वायूचे बुडबुडे होण्याची) लक्षणं बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत दिसतात, पण 24 तासांतही येऊ शकतात, म्हणजे तुम्ही गाडीत बल्लारशाला असताना. सांध्यात खोल दुखणं, अंगावर संगमरवरासारखे निळसर-लाल चट्टे, मुंग्या, बधिरपणा, चक्कर, लघवी अडणं, कमालीचा थकवा. 'प्रवासाने अंग आंबलंय' म्हणून झोपायचं नाही.

जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा आणि पहिलं वाक्य हेच म्हणा: 'इतक्या तासांपूर्वी इतक्या मीटरवर डाइव्ह केली होती.' हे सांगितलं नाही तर कुणाच्या डोक्यात येणार नाही, पाठीचं दुखणं म्हणून गोळी देऊन पाठवतील. मास्कने 100 टक्के ऑक्सिजन सुरू करायला सांगा, आडवे राहा, पाणी प्या. बरं वाटलं तरी ऑक्सिजन काढून घरी जायचं नाही. दाबकक्षाची सोय नौदलाकडे आहे, मुंबईत आयएनएचएस अश्विनी आणि पोर्ट ब्लेअरला आयएनएचएस धन्वंतरी. कुठे आणि कसं हलवायचं ते डॅनच्या आपत्कालीन क्रमांकावरून ठरवा, म्हणून त्यांचा विमा फेरीच्या आधी काढायचा, नंतर नव्हे. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बहुतेकदा वगळलेला असतो, बारीक अक्षरं वाचा.

कॉम्प्युटर सोबत ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. डॉक्टरांना खोली, वेळ आणि वर येण्याचा वेग त्यातच मिळतो.

---

ओ_रिंग

आणि गाडीत बसायच्या आधी त्याचं स्क्रीन उघडून शेवटच्या डाइव्हचा फोटो फोनवर काढून ठेवा. काही मॉडेलांत बॅटरी उतरली की नोंदीही जातात.